ग्लासात नाक खुपसण्याआधी

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की आयरिश व्हिस्की तोंडाला लावण्याआधी दहा मिनिटं नुसता वास घेत बसा, आणि पत्रांचा ढीग आला. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. 'स्वस्तात चांगली कुठली' असं विचारणारे बरेच होते, त्यांना इथेच सांगतो की आयर्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून दारूची किमान किंमत कायद्यानेच ठरलेली आहे, ४० टक्के अल्कोहोलची ७०० मिलीची बाटली २२ युरो ९ सेंटच्या खाली कोणी विकूच शकत नाही, त्यामुळे खालच्या टोकाला फार शोधाशोध करण्यात अर्थ नाही. त्याच्यावर दहा-पंधरा युरो टाकायची तयारी असेल तर मग बोलू.

प्रश्न: दादा, मी डब्लिनला असतो, सहा महिने झाले वही घेऊन नोट्स लिहितोय. बाकीचे लोक हिरवं सफरचंद, ख्रिसमस केक, भाजलेलं ओक असं काय काय लिहितात. मला प्रामाणिकपणे फक्त व्हिस्कीचा वास येतो. माझं नाक बाद आहे का?

उत्तर: नाक ठणठणीत आहे हो, शब्द उधारीचे आहेत. ज्याने लहानपणापासून ख्रिसमस केक खाल्लाय त्याला शेरीच्या (म्हणजे एका स्पॅनिश वाइनच्या) पिंपातल्या व्हिस्कीत केक सापडतो, तुम्हाला तिथे भिजवलेल्या मनुका सापडतील, किंवा खारीक, किंवा आजीच्या डब्यातली सुंठ. माझ्या वहीत पहिल्या पानावर 'खोकल्याचं औषध + जुनं लाकडी कपाट' असं लिहिलेलं आहे आणि आजही ती बाटली उघडली की मला तेच आठवतं. तेच लिहायचं. दुसऱ्याला कळलं नाही तरी चालेल, सहा महिन्यांनी तुम्हाला कळलं पाहिजे.

आता 'फक्त व्हिस्कीचा वास' का येतो, तर तुम्ही बहुतेक एकच ग्लास घेऊन बसताय. एकट्या ग्लासाचा वास कशाशी तुलना करणार? दोन घ्या शेजारी शेजारी. माझी आवडती जोडी म्हणजे बुशमिल्सची १० वर्षांची आणि ग्रीन स्पॉट. दोन्ही ४० टक्के, दोन्ही तीनदा डिस्टिल केलेल्या, दोन्हींत बर्बनची (ही अमेरिकन व्हिस्की) आणि शेरीची पिंपं वापरलेली, मुख्य फरक धान्यात, बुशमिल्समध्ये सगळं बार्ली मोड आणलेलं आणि ग्रीन स्पॉटमध्ये मोड आणलेलं नि कच्चं असं मिसळून. इकडून तिकडे दोन-चार वेळा नाक फिरवलंत की एकदम लक्षात येईल की अरे, ही हलकी, मधाळ आहे आणि त्या दुसरीत काहीतरी तेलकट, तिखट, ओल्या धान्यासारखं आहे. तो 'काहीतरी' म्हणजे तुमची पहिली खरी नोट.

थोडं विज्ञान माहीत असलं की शोधायलाही सोपं जातं. फळांचे वास बरेचसे आंबवण्याच्या टप्प्यावर यीस्टने केलेले असतात, व्हॅनिला लाकडातून येतो, नारळाची झाक असेल तर ती अमेरिकन ओकची देणगी, आणि सुक्या मेव्याचा भाग शेरीच्या पिंपाचा. म्हणजे वासाला कारण असतं, लिहिणाऱ्याने हवेतून काढलेला नसतो (कधीकधी असतो, पण ते सोडा).

ग्लास तोंडाशी निमुळता घ्या, रुंद टम्बलरमध्ये सगळा वास उडून जातो. तोंड किंचित उघडं ठेवून हळू हुंगा, वाइनसारखं घुसळून खोल श्वास घेतलात तर अल्कोहोलचा सणका बसेल आणि पुढची पाच मिनिटं नाक संपावर. नाक थकलं की स्वतःच्या मनगटाचा वास घ्यायचा, हे विचित्र दिसतं पण चालतं. आणि पहिला घोट मोजायचा नाही, तो तोंडाला सवय करायला, नोट दुसऱ्या घोटापासून.

प्रश्न: सिंगल पॉट स्टिल म्हणजे नेमकं काय? दुकानदार म्हणाला सिंगल मॉल्टच असतं ते, फक्त आयरिश नाव.

उत्तर: नाही हो, दुकानदाराला माफ करा. सिंगल मॉल्ट म्हणजे फक्त मोड आणलेलं बार्ली. पॉट स्टिलमध्ये मोड आणलेलं आणि न आणलेलं, दोन्ही बार्ली एकत्र शिजतात, नियमाने प्रत्येकी किमान ३० टक्के, आणि ओट, गहू, राय वगैरे बाकी धान्य जास्तीत जास्त ५ टक्के. 'सिंगल' म्हणजे एकाच डिस्टिलरीतलं, आणि 'पॉट स्टिल' म्हणजे दारू गाळायचं हंड्यासारखं भांडं. या ५ टक्क्यांवर काही नवे डिस्टिलर नाराज आहेत कारण जुन्या आयरिश पाककृतींमध्ये ओट आणि गहू याहून बरेच जास्त असायचे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं, परंपरा जपायची म्हणून नियम करायचा आणि त्यात खरी परंपराच बसू नये हे जरा गमतीचं आहे.

हे कच्चं बार्ली आलं कुठून, तर १७८५ सालच्या मॉल्ट टॅक्समुळे असं सांगतात. सरकारने मोड आणलेल्या धान्यावर कर लावला, डिस्टिलर म्हणाले ठीक आहे, आम्ही बिनमोडाचं वापरतो. कर चुकवायला सुरू झालेली गोष्ट चवीला इतकी आवडली की तीच आयरिश व्हिस्कीची ओळख झाली. तुमच्या ग्लासात जिभेला साय लागल्यासारखा जो जाडपणा असतो ना आणि मागून येणारा मिरी-लवंगेचा चटका, तो बहुतांशी त्या कच्च्या बार्लीचा.

सुरुवात ग्रीन स्पॉटने करा, मग १२ वर्षांची रेडब्रेस्ट, मग पॉवर्स जॉन्स लेन. तिन्ही काउंटी कॉर्कमधल्या मिडलटनच्या डिस्टिलरीत बनतात, माझ्या घरापासून ती जवळ आहे म्हणून पक्षपात करतोय असं म्हणा हवं तर. जॉन्स लेन ४६ टक्क्यांची आहे, तिच्यात चामड्याचा आणि मातीचा असा एक वास येतो जो पहिल्या दिवशी आवडत नाही. आठवड्याने परत बघा. आणि ग्रीन स्पॉटमधला 'स्पॉट' म्हणजे काय असं तिघांनी विचारलंय, तर मिचेल अँड सन हे डब्लिनचे वाइनचे व्यापारी, ते आपल्या पिंपांवर रंगाचा ठिपका मारून ठेवायचे, कुठलं किती वर्षं ठेवायचं ते कळायला. ग्रीन, यलो, रेड, ब्लू असे ठिपके अजून चालू आहेत.

प्रश्न: बुशमिल्सच्या बाटलीवर १६०८ लिहिलंय. म्हणजे व्हिस्की चारशे वर्षं जुन्या कंपनीची?

उत्तर: १६०८ मध्ये राजा पहिला जेम्स याने सर थॉमस फिलिप्स यांना त्या भागात दारू गाळायचा परवाना दिला, ते साल. कंपनीची नोंद १७८४ ची. चव घेताना या दोन्ही आकड्यांचा उपयोग शून्य. बघायचा आकडा वेगळाच, तो 'इयर्स ओल्ड'च्या आधीचा, आणि तो बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय सांगतो, सरासरी नाही. आकडा नसेल तर एवढंच पक्कं की किमान ३ वर्षं लाकडी पिंपात, आयर्लंडच्या बेटावरच, ठेवलेली आहे.

प्रश्न: काका, एका नव्या डिस्टिलरीची १४ वर्षांची सिंगल मॉल्ट घेतली. घरी येऊन वाचलं तर डिस्टिलरी सुरू होऊन ५ वर्षं झालीयेत. फसवलं का मला? रिव्ह्यूमध्ये काय लिहू?

उत्तर: हा या वेळचा माझा सगळ्यात लाडका प्रश्न, कारण तुम्ही चौदातून पाच वजा केले, आणि ते बरेच रिव्ह्यू लिहिणारे करत नाहीत.

फसवलं असं लगेच म्हणू नका. यामागे एक इतिहास आहे. आयर्लंडमध्ये एके काळी डिस्टिलऱ्यांची रेलचेल होती, पण १९६६ मध्ये जेमसन, पॉवर्स आणि कॉर्क डिस्टिलरीज हे तिघं एकत्र येऊन आयरिश डिस्टिलर्स झाली, १९७५ मध्ये सगळं काम मिडलटनच्या नव्या कारखान्यात गेलं, बुशमिल्ससुद्धा तोपर्यंत त्याच गटात आलं होतं, म्हणजे अख्ख्या बेटावर चालू डिस्टिलऱ्या दोन आणि मालक एक. १९८७ मध्ये जॉन टीलिंग यांनी काउंटी लाउथमध्ये कूली काढली तेव्हा कुठे तिसरी डिस्टिलरी आली, आणि कूलीने स्वतःच्या ब्रँडसोबत दुसऱ्यांना व्हिस्की विकायचाही धंदा केला. आज डिस्टिलऱ्या चाळीसच्या वर गेल्यात, पण पिंपात व्हिस्की ठेवून तीन वर्षं, बारा वर्षं वाट कोण बघणार, कर्जाचे हप्ते तर पहिल्या महिन्यापासून असतात. म्हणून नवी मंडळी जुन्यांकडून तयार व्हिस्की घेतात, आपल्या पिंपात थोडी मुरवतात, आपलं लेबल लावतात. त्यात काही भन्नाट निघतात, नाकारू नये.

माझा राग विकत घेण्यावर नाही, लपवण्यावर आहे. लेबलवर आजोबांची गोष्ट, झऱ्याचं पाणी, गावातल्या शेतातलं बार्ली, आणि आतली व्हिस्की दुसऱ्याच काउंटीतून टँकरने आलेली! त्यामुळे रिव्ह्यूमध्ये चवीच्या आधी तीन ओळी लिहायच्या. कोणी डिस्टिल केली, कुठल्या पिंपात किती वर्षं, किती टक्के. पहिल्याचं उत्तर लेबलवर नसेल तर 'सांगितलेलं नाही' असं स्पष्ट लिहा. शोध लावत बसू नका, अंदाजाने नाव तर मुळीच टाकू नका. 'सांगितलेलं नाही' हे दोन शब्द वाचणाऱ्याला पुरतात. जमलं तर अजून दोन गोष्टी बघा, कॅरमेलचा रंग घातलाय का (कायद्याने चालतो, म्हणून गडद रंग म्हणजे जुनी व्हिस्की हे डोक्यातून काढा) आणि चिल फिल्टर केलीय का, म्हणजे थंड करून गाळलीय का.

हे सगळं लिहिल्यावर मग चव. चव आवडली असेल तर आवडली म्हणायला लाजू नका, व्हिस्कीचा काय दोष त्यात.

प्रश्न: माझे मिस्टर वर्षभरापासून 'टेस्टिंग' करतात. रोज संध्याकाळी तीन ग्लास ओळीने मांडतात. काही बोललं तर म्हणतात हा छंद आहे, पिणं नाही. तुम्ही सांगा, हे टेस्टिंग की पिणं? (गॉलवे)

उत्तर: ताई, ग्लास किती भरतात त्यावर आहे. आयरिश पबचं नेहमीचं माप साडेपस्तीस मिली. तशी तीन मापं ४० टक्क्यांची घेतली तर अंदाजे ३३ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, म्हणजे इथल्या हिशोबाने (दहा ग्रॅमचं एक) तीनपेक्षा जास्त स्टँडर्ड ड्रिंक, आठवड्याची झाली तेवीस. इथल्या आरोग्य खात्याची पुरुषांसाठीची कमी जोखमीची मर्यादा आठवड्याला १७ आहे, बायकांसाठी ११, आणि त्यातही किमान दोन दिवस कोरडे. तेव्हा हिशोब तुमच्या बाजूने आहे.

टेस्टिंगला १० मिली पुरतात, खरंच पुरतात, तीन ग्लास मिळून एका ड्रिंकपेक्षा कमी. जे रोज शंभर नमुने तपासतात ते तर थुंकतात, आणि बरंचसं काम नाकानेच करतात. आणि तेसुद्धा रोज संध्याकाळी जेवणानंतर नाही, सकाळी, जीभ ताजी असताना. एक साधी गोष्ट करून बघा, त्यांची वही मागा. वर्षभरात किती पानं भरलीत? वही भरलेली असेल तर माप छोटं करा एवढंच म्हणा. वहीच नसेल, किंवा शेवटची नोट मार्चमधली असेल, तर तो छंद नाही, आणि दोन-चार दिवस बंद ठेवून बघा म्हटल्यावर त्यांना ते जमत नसेल तर जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जा, माझ्याकडे नको. मी हे मस्करीत लिहीत नाहीये. हे सदर लिहिणाऱ्याच्या घरातही ही बोलणी झालेली आहेत.

प्रश्न: माझा मित्र म्हणतो आयरिश म्हणजे नुसती स्मूद, तीनदा डिस्टिल करून सगळी चव काढून टाकतात. त्याला काय उत्तर देऊ?

उत्तर: त्याला कॉनेमारा पाजा. पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरात वाळवलेलं बार्ली, दोनदाच डिस्टिल केलेली, आणि शंभर टक्के आयरिश. तीनदा डिस्टिल करायला हवं असा कायदा नाहीच, ती सवय आहे, आणि तीनदा करूनही चव राहते हे रेडब्रेस्ट पिऊन कळतं.

गंमत बघा, 'हलकी' हे लेबल आयरिश व्हिस्कीला चिकटलं ते ज्या यंत्रामुळे, त्या यंत्राचा पेटंट १८३० मध्ये घेतला एनियस कॉफी यांनी, जे आयर्लंडमध्येच एक्साइजचे अधिकारी होते. सतत चालणारा उंच कॉलम, स्वस्त, जलद, हलका माल. डब्लिनच्या बड्या डिस्टिलरांनी नाकं मुरडली, १८७८ मध्ये तर चौघांनी मिळून पुस्तकच काढलं की ही असली व्हिस्की ही व्हिस्कीच नव्हे. स्कॉटलंडने तेच यंत्र उचललं, ब्लेंड बनवले आणि जग जिंकलं. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयरिश कंपन्या जवळजवळ बुडाल्या तेव्हा त्यांनाही जेमसनचा हलका ब्लेंड करूनच तरावं लागलं, पॉट स्टिल आणि कॉलमची ग्रेन व्हिस्की मिसळून. म्हणजे तुमचा मित्र जी पितो ती कॉफीसाहेबांची, आणि नावं ठेवतो सगळ्या बेटाला.

बाकी 'स्मूद' हा शब्द रिव्ह्यूमधून कायमचा हाकला. त्याचा अर्थ 'घसा जळला नाही' एवढाच होतो. पाणी पण स्मूद असतं.

प्रश्न: पाणी घालावं का? बर्फ?

उत्तर: पाणी हो, बर्फ टेस्टिंगला नको, थंडीने वास बसतो. एरवी मजेत प्यायची असेल तर बर्फ घाला, कोणाच्या बापाचं काय जातं. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीला दोन थेंब, आधी बिनपाण्याची नोट लिहून मग. कास्क स्ट्रेंथला, म्हणजे पिंपातून जवळजवळ तशीच कडक बाटलीत भरलेलीला, मात्र मोजून घाला, ५७ टक्क्यांची २० मिली असेल तर ५ मिली पाण्याने ती साधारण ४६ वर येते. पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित धुरकट झाली तर घाबरू नका, चिल फिल्टर न केल्याची ती खूण, बिघडलेली नाही.

प्रश्न: उघडलेली बाटली किती टिकते?

उत्तर: निम्म्याच्या वर भरलेली असेल तर वर्षभर आरामात. तळाला गेली की हवा जास्त, वास पडायला लागतो, मग छोट्या बाटलीत काढा. उभी ठेवा, आडवी ठेवलीत तर बूच खराब होतं. उन्हात नको. आणि रिव्ह्यू उघडल्या दिवशी लिहू नका, दोन-तीन आठवड्यांनी परत चाखून मग लिहा, काही पॉट स्टिल तर मानेपर्यंत भरलेल्या असताना अगदी तोंड फुगवून बसतात.

प्रश्न: माझं ऑफिस डब्लिनच्या लिबर्टीज भागात आहे. कोणीतरी सांगितलं इथे एकदा रस्त्यावरून व्हिस्की वाहिली होती. खरं का?

उत्तर: खरं. १८ जून १८७५ च्या रात्री तिथल्या एका गोदामाला आग लागली, पिंपं फुटली आणि पेटती व्हिस्की रस्त्याने वाहायला लागली. लोक टोप्यांत, बुटांत भरून प्यायले. तेरा माणसं गेली, पण एकही आगीने किंवा धुराने नाही, सगळी पिऊन. पिंपातली व्हिस्की बाटलीतल्यापेक्षा बरीच कडक असते हे तेव्हाही लोकांना माहीत असणारच. आज त्याच भागात नव्या डिस्टिलऱ्या आल्यात, टीलिंगची २०१५ मध्ये सुरू झाली. तुम्ही लंच ब्रेकमध्ये बघून येऊ शकता, पण गाडी चालवणार असाल तर नमुने घरी न्यायला मिळतात का ते तिकीट काढतानाच विचारा.

प्रश्न: तुम्ही शंभरपैकी मार्क का देत नाही? वाचायला सोपं पडलं असतं.

उत्तर: द्यायचो. वहीची पहिली तीन वर्षं मार्कांनी भरलेली आहेत, ८७, ८९, एक तर साडेब्याण्णव (अर्धा मार्क कशाचा दिला होता कोण जाणे). मग एका डिसेंबरात माझ्या मुलीने सहा ग्लासांवर फक्त आकडे चिकटवून समोर ठेवले, म्हणाली, ओळखा आता. मी अर्धा तास नाक खुपसून बसलो, क्रमांक चारला सगळ्यात वर ठेवलं आणि 'संत्र्याची साल, मध, लांबवर टिकणारी' असं लिहिलं, क्रमांक दोनला 'नेलपॉलिश, बहुतेक कोवळी' असं लिहून खाली ढकललं. चार होती सुपरमार्केटमधली साधी ब्लेंड, फोडणीच्या कपाटात ठेवलेली. दोन म्हणजे पन्नाशीला मित्रांनी वर्गणी काढून दिलेली बाटली, जिला मी वहीत ९४ दिले होते, लेबल बघून.

मित्रांना अजून सांगितलेलं नाही. ते आले की तीच काढतो, आणि ते वाहवा म्हणतात.